माय नाही म्हणाली

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नसतं. ओटी भरली की माहेरचं कुणीतरी येतं, पिशवी उचलतं आणि पोरीला घेऊन जातं. त्यामुळे माझ्या सासूनं, जिला घरीदारी सगळे अक्का म्हणत, ओटीच्या दिवशी माझ्या मायला 'मग विहीणबाई, कधी नेताय हिला?' असं विचारलं तेव्हा तो प्रश्न नव्हताच. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून ते बोलणं होतं. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ खिरीची वाटी घेऊन बसली होती. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, 'मी नही लई जात.' अक्का वरणगावकडच्या, त्यांना आमची बोली कळायची, तरी त्यांना नीट कळावं म्हणून माय पुन्हा पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली, 'माझ्याकडून होणार नाही तिचं बाळंतपण.' खोलीत दहा-बारा बायका होत्या. एकीनं माझ्या डोक्यातला गजरा नीट करायला हात वर केला होता, तो हात तिनं तसाच खाली घेतला. मागच्या डाळमिलचा आवाज तेवढा येत राहिला.

आमचं जळगावचं घर म्हणजे त्या डाळमिलच्या पाठीमागे ओळीनं बांधलेल्या खोल्यांपैकी दोन खोल्या. सकाळी भोंगा झाला की मिल सुरू व्हायची आणि संध्याकाळपर्यंत भिंत हलकीशी थरथरत राहायची. नव्या माणसाला ते कळायचंही नाही, पण फडताळातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत. डाळीचा बारीक कोंडा खिडकीतून येऊन भांड्यांवर, गादीवर, केसांत बसायचा. अक्का वाढायच्या आधी प्रत्येक ताट पदरानं पुसत. ताट धुतलेलं असो नाहीतर नसो, हात आपोआप चालायचा. थंडीत अक्का अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून मोठी हिरवी वांगी भाजत, मिरच्या त्यातच टाकत आणि लाकडी बडगीत घालून भरीत ठेचत. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. माझा नवरा प्रभाकर पाइपच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होता. तो बोलायचा कमी आणि जेवायचा भरपूर. अक्का म्हणत, 'याचं तोंड फक्त एकाच कामाला उघडतं.' एकूण घर चांगलं होतं. मला तिथं त्रास होता असं मी कुणाला सांगितलं असतं तर मलाच लोकांनी नावं ठेवली असती, आणि बरोबरच ठेवली असती.

मायनं नाही का म्हटलं असेल हे कळायला मागचं थोडं सांगावं लागेल. मी नऊ वर्षांची असताना धुळ्याला आमच्या घराच्या मागच्या न्हाणीत माय मला आंघोळ घालत होती. साबणाचा हात पोटावरून फिरताना डाव्या बरगडीखाली थांबला. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. मला दुखत नव्हतं, गुदगुल्या झाल्या म्हणून मी हसले. एका डॉक्टरनं सांगितलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे. दुसऱ्यानं जंताचं औषध दिलं. माय रोज हात लावून बघायची आणि नानांना सांगायची, 'वाढी ऱ्हायनी.' नाना, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांना वाटायचं बाईच्या मनाचे खेळ. तिसऱ्या डॉक्टरनं आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथं माझी गाठ काढली आणि गाठीबरोबर डावं मूत्रपिंडही काढलं. मग दीड वर्ष आम्ही दोघी मुंबईला जाऊन-येऊन होतो, येण्यापेक्षा जाणंच जास्त. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. 'गाठ' म्हणत, 'ते दुखणं' म्हणत. इंजेक्शनांनी केस गेले, आणि मशीनखाली पोटावर शेक देत, त्याला तिथले सगळे पेशंट 'लाइट' म्हणायचे. आज किती लाइट झाल्या, किती राहिल्या, असं लोक बसच्या स्टॉपसारखं बोलायचे. धर्मशाळेच्या गॅलरीत माय स्टोव्हवर पातळ खिचडी करायची, ती मी ओकायचे, ती पुसायची आणि पुन्हा भांडं चढवायची.

माझा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला शिंदखेड्याला मावशीकडे ठेवलं होतं. सगळं संपून आम्ही कायमच्या परत आलो आणि त्याला घरी आणलं तेव्हा तो मायला 'मावशी' म्हणायला लागला आणि मावशी निघाली की तिच्यामागे रडत धावायचा. मायनं त्याला सुधारलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं आणि तो माय म्हणू लागला. त्या दिवशीसुद्धा ती तांदूळ निवडत होती ते निवडत राहिली.

मी वाचले. त्या वॉर्डातल्या बाकीच्या मुलांबद्दल मी इथं लिहिणार नाही. माझ्याकडून ते होत नाही आणि त्यांच्या आयांना मी काही विचारलेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं माय दर रविवारी माझ्या आंघोळीला यायची. डोकं धुऊन द्यायचं निमित्त. डोकं धुऊन झालं की हात बरगडीखाली. आधी डावीकडे, जिथं आता नुसता व्रण होता, मग उजवीकडे. चौदाव्या वर्षी मी न्हाणीची कडी आतून लावून घेतली. माय बाहेर उभी राहिली, मला फटीतून तिची पावलं दिसत होती. 'उघड' म्हणाली नाही. पुढच्या रविवारी आली नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

लग्नाच्या वेळी दुखणं लपवावं असं नानांचं म्हणणं. बघायला येणाऱ्यांना कशाला सांगायचं, आता पोरगी ठणठणीत आहे. माय मात्र पोह्याच्या बशा ठेवल्या की लगेच सांगून टाकायची. गाठ होती, मूत्रपिंड एकच आहे, पोटावर लाइट दिली आहे, मूलबाळ होईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. तीन स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच. चौथ्या वेळी अक्का आल्या. त्यांनी सगळं ऐकलं, मला उठून चालायला लावलं, पुन्हा बसायला लावलं आणि मायला म्हणाल्या, 'चालते ना पोरगी? मग झालं. माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं होती, तरी चाळिशीत गेला.' लग्नात मायनं सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी दिली आणि अक्कांनी ती गल्लीत सगळ्यांना दाखवली.

मला मूल हवं होतं का? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि तेव्हा विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. लग्नानंतर चौथ्या वर्षी पाळी चुकली. अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. मी न्हाणीत जाऊन रडले, आणि ते आनंदाचं रडू आहे असं बाहेर सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि तिचं कारण सांगायची लाज वाटत होती. बाकीच्या बायकांच्या पोटात काही वाढतं तेव्हा ते मूल असतं. माझ्या पोटात एकदा काहीतरी वाढलं होतं आणि ते कापून काढावं लागलं होतं. चौथ्या महिन्यात ओटीपोटात घट्टपणा हाताला लागायला लागला. अक्का म्हणाल्या, 'बघ बघ, बाळ हाताला लागलं.' मी हात लावला आणि झटकन काढून घेतला. हाताला ते तसंच लागलं. त्या लाडानं माझा हात धरून पुन्हा तिथं ठेवायच्या आणि मी दात आवळून बसायचे. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी लघवी तपासायच्या, ब्लडप्रेशर बघायच्या, म्हणायच्या, 'मूल थोडं लहान होईल, थोडं लवकर येईल, पण होईल.' सगळे मला धीर द्यायचे. मला धीर नको होता. माझ्या जिवाला जी भीती होती ती पाहिलेलं एकच माणूस होतं, माझी माय; तिच्याजवळ मला जायचं होतं. आणि त्या माणसानं दहा-बारा बायकांसमोर नाही म्हटलं.

पुढचे आठ दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, खर्चाला भितात. कुणी म्हणालं, विहिणीविहिणींत लग्नापासून काहीतरी आहे. एका शहाण्या बाईनं शोध लावला की धुळ्याच्या घराला दोष असणार, म्हणून पोरीला गाठ झाली, म्हणून आई नेत नाही. अक्का मात्र मायला एका शब्दानं वाईट म्हणाल्या नाहीत. त्यांना फक्त कळत नव्हतं. 'आई नाही म्हणू शकते?' असं त्या मला भाजी चिरता चिरता मध्येच विचारायच्या, जसं काही मीच त्यांना ते समजावून सांगणार होते.

नवव्या दिवशी प्रभाकरला सुट्टी होती. त्याला घेऊन मी धुळ्याला गेले. जिनिंगचा हंगाम चालू होता. आमच्या ओट्यावर, तुळशीत, दोरीवरच्या कपड्यांवर कापसाचे तंतू येऊन अडकले होते. नाना प्रभाकरला घेऊन पानाच्या टपरीकडे गेले, ते मुद्दामच. मायनं माझ्यासाठी कढी-फुनके केले होते. तुरीच्या डाळीचे वाफवलेले ते मुटके मला लहानपणापासून आवडायचे, ती ते विसरलेली नव्हती. म्हणजे राग नाही, हे मला कळलं, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले.

'माय, कसाले नाही म्हणाली तू?'

'सांगं ना. मन्हाकडथून नही व्हनार.'

'पण कसाले?'

ती चुलीपुढून उठली, माझ्यासमोर येऊन बसली. तेव्हा ती सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल. माझ्या आताच्या वयापेक्षा कमी. 'मी थकी गयेल शे, पोरी,' ती म्हणाली. 'बस. दुसरं काहीच नही.'

'लोक काय म्हणतील?'

'म्हनू दे.'

मला पटलं नाही. थकली म्हणजे काय? रोज पहाटे उठते, पाणी भरते, नानांचा डबा करते, उन्हाळ्यात शेजारणींना ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या थापून देते. आई कुठे थकते का? नक्की काहीतरी आत आहे, मी न्हाणीची कडी लावली त्याचा राग असेल, भावापेक्षा माझ्यावर सगळं गेलं त्याचा असेल. परतीची सगळी वाट मी असं काहीबाही मनाशी म्हणत आले. आता वाटतं, तिनं मला सरळ, साधं, संपूर्ण खरं उत्तर दिलं होतं. थकवा हे कारण आमच्याकडे बायकांच्या बाबतीत धरतच नाहीत. राग धरतात, मत्सर धरतात, अंगात आलेलंही धरतात. आज माझे गुडघे दुखतात आणि दुपारी तीन वाजता मला भिंतीला टेकून नुसतं बसावंसं वाटतं, तेव्हा कुणी 'काय झालं' विचारलं तर मीही 'काही नाही' म्हणते. तिनं निदान खरं सांगितलं होतं.

मुलगी आठव्या महिन्यातच झाली, जळगावला. पावणेदोन किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिच्या अंगावर चिमटीत धरता येईल इतकंसुद्धा मांस नव्हतं. नाना आणि माय तार मिळाल्यावर पहिल्या गाडीनं आले. नाना अक्कांशी, डॉक्टरांशी, वॉचमनशीसुद्धा बोलले. माय काचेबाहेर उभी राहिली. तासभर तरी उभी असेल. नळी कुठे लावली, सुई कुठल्या हाताला आहे, सगळं ती बघत होती, हे मला व्हरांड्यातल्या खाटेवरून दिसत होतं. मग ती माझ्याजवळ आली, पदरानं माझा चेहरा पुसला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. अक्कांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड फिरवून डोळे पुसले. मला वाटतं त्यांना माझी दया आली.

बाळंतपण अक्कांनी केलं आणि ते इतकं केलं की आता आठवलं तरी मला ओशाळल्यासारखं होतं. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. मुलगी पेटीतून घरी आली तेव्हा त्यांनी तिला कापसात गुंडाळून स्वतःच्या छातीशी बांधून ठेवलं आणि त्याच अवस्थेत भाकऱ्या थापल्या. मी दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, पाळणा हलवायचे. पण मी तिला आंघोळ घालत नव्हते. मालिशवाली बाई यायची, ती नसली तर अक्का. 'तू घाल ना एक दिवस, तुझी लेक आहे,' अक्का म्हणायच्या, आणि मी कमरेचं, टाक्यांचं निमित्त सांगायचे. मला तिच्या पोटावरून साबणाचा हात फिरवायचा नव्हता. माझा हात कुठेतरी थांबेल याची मला खात्री होती. तिच्याकडे फार वेळ बघायचेसुद्धा नाही. हे प्रेम नव्हतं का? होतं. पण ते मी हातभर लांब ठेवलं होतं, म्हणजे उद्या तसंच काही झालं तर निदान तेवढं तरी अंतर राहील. मुलगी मात्र मन लावून दूध प्यायची, बाळसं धरायची. तिला माझ्या अंतराशी काही देणंघेणं नव्हतं.

तीन महिन्यांची झाल्यावर तिला ट्रिपलचं इंजेक्शन दिलं. सिस्टरनं बजावून सांगितलं, ताप येईल, घाबरायचं नाही, पाव गोळी उगाळून द्यायची, दुसऱ्या दिवशी उतरेल. गल्लीतल्या प्रत्येक मुलाला ताप आला होता आणि उतरला होता. अक्का त्याच दिवशी त्यांच्या लेकीकडे वरणगावला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर पहिल्या पाळीला गेला आणि मी मुलीला उचलायला वाकले तर ती तापलेली. मांडी सुजलेली, तोंड लाल, आणि ती रडत नव्हती, नुसती कण्हत होती. मला सिस्टरचं बोलणं शब्द न् शब्द आठवत होतं. पाव गोळी समोर कागदाच्या पुडीत होती. माझे हात चालेनात. मी तिच्याजवळ बसून राहिले, भिंत थरथरत होती, बरण्या वाजत होत्या, आणि मला तिला हातच लावता येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी एकदम उठले, तिला दुपट्यात गुंडाळलं, शेजारणीला 'धुळ्याला जाते' एवढं सांगून स्टँडवर आले आणि समोर दिसली त्या गाडीत चढले.

तापलेलं तीन महिन्यांचं पोर घेऊन अडीच तासांचा प्रवास, आणि तोसुद्धा पाव गोळी घरी विसरून! जळगावात डॉक्टर काय कमी होते? दहा मिनिटांवर डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. माझा नवरा आजही हा किस्सा सांगतो आणि मी त्याला सांगू देते. गाडीत सगळ्यांनी मला सल्ले दिले. एकीनं सांगितलं डोक्यावर कांदा ठेव, दुसरीनं सांगितलं पाय झाक, तिसऱ्यानं सांगितलं पाय उघडे ठेव. कंडक्टर म्हणाला, 'ताई, माहेर जळगावला आहे का धुळ्याला?' मी म्हटलं धुळ्याला. तो म्हणाला, 'मग बरोबर.' एवढ्या गाडीत तेवढ्या एका माणसाला मी वेडी वाटले नाही.

माय ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती. रिक्षा थांबली तसं तिनं सूप खाली ठेवलं.

'काय व्हयनं?'

'ताप शे. कालदिन इंजेक्शन दिधं.'

'कोणी लई उनं तुले?'

'एकलीच उनू.'

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दुपट्याकडे. 'दे अठे,' ती म्हणाली.

पुढचं सगळं तिनंच केलं. मुलीचे कपडे काढले, पायावर आडवी घेतली, ओल्या फडक्यानं कपाळ, काखा, जांघा पुसत राहिली. नाना जेवायला घरी आले होते, त्यांना औषधाच्या दुकानात पिटाळलं. गोळीचा पाव तुकडा चमच्यात विरघळवून थेंब थेंब पाजला. तिचा हात मुलीच्या छातीवरून, पोटावरून, बरगड्यांखालून फिरला, आणि कुठेही थांबला नाही. मी ते श्वास धरून बघत होते. तासा-दीड तासानं मुलीला घाम आला, तिनं मूठ तोंडात घातली आणि भोकाड पसरलं. 'भुकी शे. पाज,' माय म्हणाली. मी तिला पाजलं. मायनं मला ताट वाढलं. सकाळची भाकर, शेवेची भाजी, वर कच्चा कांदा. मी एका हातानं मुलगी धरून दुसऱ्या हातानं जेवले आणि पुन्हा वाढून मागितलं.

जेवण झाल्यावर मी म्हणाले, 'माय, दोन महिने ठेव आम्हाला इथं. फक्त दोन.'

'नही.'

मला रडू आलं नाही. मला राग आला. मी म्हणाले, 'मला जमत नाही. कळतं का तुला? माझे हात चालत नाहीत. हिला काही झालं तर मला तुझ्यासारखं नाही जमणार.'

माय पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर बसली. 'मन्हासारखं म्हंजे कसं?' तिनं विचारलं.

'तू दीड वर्ष एकटीनं केलंस.'

'माले कठे जमनं व्हतं?' ती म्हणाली. आणि मग, जणू कालची गोष्ट सांगावी तसं, तिनं मला सांगितलं, 'एक दिन मी तुले तठेच सोडीसन निंघी गयेल व्हतू.'

मुंबईत, चौथ्या का पाचव्या महिन्यात. सकाळी माझी लाइट होती. मला वॉर्डात पोचवलं, सिस्टरला 'येते' म्हणाली आणि चालत थेट मोठ्या स्टेशनवर गेली. आमच्याकडची गाडी लागायच्या फलाटावर एका बाकावर बसली. तिकीटही काढलं होतं. गाडी आली. लोक चढले. आपण चढायचं, घरी जायचं, धाकट्याला शिंदखेड्याहून आणायचं, आणि इथं जे व्हायचं ते होऊ द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. मला तो दिवस आठवत नव्हता. अनेक दिवसांसारखाच तो एक दिवस असणार, ज्यात ती थोडी उशिरा आली असेल.

'मग?' मी विचारलं.

'गाडी गई निंघी. मी बठी ऱ्हायनू. दुसरी उनी, ती बी गई.'

'मग परत कशी आलीस?'

माझी कल्पना होती की ती आता काहीतरी सांगेल. माझा चेहरा डोळ्यांसमोर आला, देवाची आठवण झाली, असलं काहीतरी.

'भूक लागनी,' माय म्हणाली. 'भाकरीना डबा तुन्हाजोडे व्हता.'

डबा माझ्या खाटेखाली होता. तिच्याजवळचे पैसे तिकिटात गेले होते. म्हणून ती परत आली, डबा उघडला, अर्धी भाकर तिनं खाल्ली, अर्धी मला भरवली, मी ओकले, तिनं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइट होती, म्हणून ती थांबली. मग तिसऱ्या दिवशी होती. 'अशेच दीड वरीस व्हयनं,' ती म्हणाली. 'मी काही ठरायेल नव्हतं.'

इतकी वर्षं मी तिला डोंगरासारखी समजत होते, आणि तिच्यासारखं आपल्याला होणार नाही म्हणून भीत होते. माझ्यासमोर एक दमलेली बाई बसली होती, जिनं एकदा मला सोडून जायचं ठरवलं होतं आणि गाड्या सोडून दिल्या होत्या. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला जरा सैल वाटलं.

'मन्हं मी करी टाकं,' ती उठता उठता म्हणाली. 'जशे व्हयनं तशे. आते हाई तुन्हं शे. पाच वाजानी गाडीवर बठ.'

तिनं मुलीला कोरड्या कपड्यात बांधून माझ्याकडे दिलं, उरलेल्या गोळ्या कागदात घालून चमच्यासकट माझ्या पर्समध्ये ठेवल्या. नानांनी थांबण्याचा आग्रह केला. ती त्यांना म्हणाली, 'जाऊ द्या तिले.' स्टँडवर ती आली नाही. ओट्यावर बसून पुन्हा सूप हातात घेतलं.

गाडीत गर्दी नव्हती. पारोळ्यापर्यंत मुलगी झोपली होती. एरंडोलला गाडी स्टँडवर लागली तेव्हा ती चुळबुळ करू लागली. मी दुपट्यात हात घातला. अंग पुन्हा कोमट लागत होतं, मग नक्की गरम लागलं. मी पर्समधून पुडी काढली, शेजारच्या म्हातारीकडे पाणी मागितलं, तुकडा चमच्यात विरघळवला आणि तिला पाजला, अर्धा तिनं माझ्या हातावर थुंकला. मग तिचं झबलं वर केलं आणि ओला रुमाल तिच्या पोटावरून फिरवला, डावीकडून, उजवीकडून, बरगड्यांखालून. समोरच्या फलाटावर धुळ्याकडे जाणारी गाडी उभी होती, कंडक्टर दार धरून ओरडत होता, जागा रिकाम्या होत्या. ती गाडी सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. मी उतरले नाही.